भिंतीच्या आत राहिलेला ट्रक

गुडघ्यांनी दगा दिला नसता, तर सगळे ज्याला 'ओळंब्या' म्हणत तो गवंडी जन्मात ड्रायव्हर झाला नसता. सव्वीस वर्षं त्यानं उकिडवं बसून भिंती चढवल्या. दोरीला बांधलेला पितळी ओळंबा सदैव खिशात. भिंतीचं एक सोडा, पाहुण्यांच्या घरचं कपाट आणि दवाखान्याच्या दाराची चौकटसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नसे. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि "केसभर बाहेर आहे" म्हणून असा उसासा टाकायचा, की घरधन्याला वाटावं, आपलंच कुणीतरी गेलं.

पण गेल्या वर्षापासून तो एकदा खाली बसला, की उठवायला दोन माणसं लागत. "एक धरायला आणि एक हसायला," असं त्याची बायको म्हणे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "गुडघे बदला, नाहीतर धंदा बदला."

मेहुणा पंधरा वर्षं ट्रक चालवत होता. तो म्हणाला, "दाजी, ट्रकमध्ये खुर्ची असते. दिवसभर बसायचं, आणि तेही उंचावर. राजाला तरी दुसरं काय असतं?"

ओळंब्या गाडी शिकला. पहिल्या परीक्षेत नापास झाला, कारण गाडी उभी करा म्हटल्यावर त्यानं ती उभी केली, उतरून दोन्ही बाजूंचं अंतर वितीनं मोजलं, पुन्हा उभी केली, पुन्हा मोजलं. तपासणारे साहेब तेवढ्यात जेवून आले. दुसऱ्या खेपेला मात्र देवाच्या दयेनं पास झाला, आणि मेहुण्याच्या शब्दाखातर एका ट्रान्सपोर्टच्या मालकीणबाईंनी त्याला उभा करून घेतला.

"आज विटांची एक खेप टाकून या," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी सहाच्या आत गाडी यार्डात आणि सही केलेली पावती माझ्या टेबलावर. आली, तर उद्यापासून कामावर. नाही आली, तर तुम्ही तुमच्या वाटेनं, मी माझ्या."

निघताना बायकोनं डब्यासोबत एक वाक्यही हातात ठेवलं. "अहो, विटा पोचवायच्या. लावायच्या नाहीत."

"मला काय तेवढं कळत नाही?"

"कळतं, म्हणूनच सांगतेय."

साइट गावाबाहेर होती. इमारत बांधून पुरी, आता नुसतं कुंपण राहिलेलं. छातीएवढी भिंत चहूबाजूंनी आलेली आणि समोर ट्रक आत जाईल एवढी मोकळी जागा. आत झाडाखाली खुर्चीवर एक रखवालदार बसला होता. ओळंब्यानं गाडी त्याच झाडाच्या सावलीत नेऊन लावली. हमालांनी विटा उतरवल्या आणि ते दुसऱ्या कामावर निघून गेले.

"सही करा," ओळंब्यानं पावती पुढे केली.

"करतो की. पण आमच्या साहेबांचा हुकूम आहे, शेवटची गाडी आली की ही मोकळी जागा बंद करायची. बंद झाल्याशिवाय सही नाही."

"मग तुमचा गवंडी कुठाय?"

"सासुरवाडीला. चार दिवस झाले."

ओळंब्यानं त्या गवंड्याची भिंत पाहिली. पाहायला नको होती. सांध्यावर वीट यायला हवी, तिथं सांध्यावर सांधा, त्यावर पुन्हा सांधा. वरपासून खालपर्यंत एकच रेघ, जणू भिंतीला भांग पाडलाय. ओळंबा सोडला, तर भिंत दोन बोटं बाहेर झुकलेली. हात आपोआप थापीकडे गेला. थापी, घमेलं, दोरी, सगळं तिथंच पडलं होतं. वाळू आणि सिमेंट ताडपत्रीखाली होतं.

"साहेबांनी बंद करायला सांगितलंय ना?" त्यानं विचारलं.

"शेवटची गाडी आली की लगेच."

"शेवटची हीच ना?"

"हीच."

यात खोट कुठे होती? दोघांनाही दिसली नाही. एकाला हुकूम पाळायचा होता, दुसऱ्याला सही हवी होती.

खालचे थर ओळंब्यानं रखवालदाराच्या खुर्चीवर बसून लावले. एक हात लांब लावून झालं, की रखवालदार त्याच्यासकट खुर्ची पुढे सरकवे. मग थर वर आले, तसा तो उभा राहिला. रखवालदार वाळू-सिमेंटचा माल कालवत होता, विटा देत होता, मध्येच मागे सरून "वा!" म्हणत होता. दुपारी दोघं ट्रकच्या चाकाला टेकून जेवले. पाण्याची टाकी ट्रकच्या पलीकडे होती, त्यामुळे दर बादलीला वळसा पडे.

"ही गाडी कुणी आणून मध्ये लावलीय?" ओळंब्या तिसऱ्यांदा वैतागला.

"लोकांना अक्कल म्हणून नसते," रखवालदार म्हणाला.

तीनच्या सुमाराला शेवटची वीट बसली. ओळंबा सोडला. केसभरही फरक नाही. सव्वीस वर्षांत इतकी देखणी भिंत त्यानं बांधली नव्हती. रखवालदारानं पावतीवर झोकात सही केली. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"निघालात का?"

"आत्ता पुरी झाली बघ."

"काय पुरी झाली?"

"भिंत."

मग तिनं शांतपणे विचारलं, "गाडी भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

ओळंब्यानं ट्रककडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा ट्रककडे पाहिलं.

"आतल्या बाजूला," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी पण."

"बरोबरच आहे. तुम्ही बाहेर असतात, तर भिंत आतून बांधली असती," असं म्हणून तिनं फोन ठेवला. याचा अर्थ काय, हे तिलाही सांगता आलं नसतं, पण त्याला तो नीट लागला.

त्यानं कुंपणाला फेरी मारली. मागच्या बाजूला एक दार होतं. माणूस जरा अंग चोरून जाईल एवढं.

"तुम्ही कधीही जाऊ शकता," रखवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "अडवलंय कुणी?"

"आणि ट्रक?"

"ट्रकबद्दल साहेब काही बोलले नाहीत."

"मग भिंत थोडी उतरवू?"

"छे! सही झालीय. आता भिंत साहेबांची. उतरवायची तर लेखी हुकूम लागेल. साहेब परवा येतील."

ओळंब्यानं मेहुण्याला फोन लावला. तो इतका हसला, की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. हसू ओसरल्यावर म्हणाला, "दाजी, सिमेंट अजून ओलं आहे. मागे घ्या आणि काढा बाहेर."

"माझी भिंत पाडू?"

"मग संध्याकाळी बाईंना काय दाखवणार? भिंत?"

चार वाजायला आले होते. दोन तासांचा रस्ता होता. ओळंब्या ट्रकमध्ये चढला. आरशात त्याची भिंत दिसत होती, आंघोळ करून उभ्या असलेल्या लेकरासारखी. त्याचा हात गियरवर गेला आणि तिथंच राहिला. मग त्याची नजर जरा बाजूला सरली. भांग पाडलेल्या त्या भिंतीवर.

त्यानं रखवालदाराला मागच्या दारानं बाहेर पाठवलं. "पलीकडे कुणी माणूस-जनावर नाही ना बघा, आणि लांब उभे राहा."

"कुणी नाही! पण तुम्ही करताय काय?"

ओळंब्यानं तीनदा हॉर्न दिला आणि ट्रक मागे घेतला. सांध्यावर सांधा असलेली ती भिंत जणू चार दिवस एवढ्याचीच वाट पाहत होती. ट्रकचं बूड टेकलं मात्र, ती वरपासून खालपर्यंत त्या एका रेघेत उघडली आणि आडवी झाली. ट्रक धूळ उडवत बाहेर आला. शेजारी ओळंब्याची भिंत जागची हलली नव्हती.

रखवालदार धावत खिडकीशी आला. "अहो, हे काय केलंत? आता ही जागा कोण बंद करणार?"

ओळंब्याचा हात दाराच्या कडीवर होता. दार अर्धं उघडलंही होतं. विटा बहुतेक शाबूत होत्या, माल घमेल्यात उरला होता, आणि हा तुकडा तर त्यानं हां हां म्हणता उभा केला असता. त्यानं एक पाय पायरीवर टाकला. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत.

त्यानं पाय आत घेतला.

"गवंड्याला बोलवा," तो म्हणाला.

"गवंडी सासुरवाडीला आहे!"

"मग सासऱ्याला सांगा, जावई परत पाठवा म्हणून." आणि त्यानं दार ओढून घेतलं.

सहाला पाच मिनिटं असताना ट्रक यार्डात शिरला. मालकीणबाईंनी पावती पाहिली, मग गाडीला फेरी मारली. मागचा बंपर दबला होता आणि त्यात अर्धी वीट अडकली होती.

"ठोकलीत?"

"हो."

"चुकून?"

"नाही. ठरवून."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "वीस वर्षं धंदा करतेय. आजवर माझ्या एकाही ड्रायव्हरनं गाडी ठोकलेली नाही. दर वेळी झाडच पुढे आलेलं असतं." त्यांनी पावती फायलीत लावली. "उद्या सातला या. बंपर सरळ करून घ्या, तुमच्या हातानं. आणि खेप विटांचीच आहे. आत्ताच फोन आला होता, कुणाची तरी भिंत पडलीय म्हणे."

ओळंब्यानं डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं.

"येतो," तो म्हणाला. "पण बाई, उद्या मी गाडी रस्त्यावरच उभी करणार. विटा त्यांनी तिथून आत न्यायच्या. आणि सही खिडकीतून घेणार."