आर्लिसबाईंनी मला का घेतलं

मित्रांनो, मला विकत घ्यायला येणाऱ्या माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. मी साठीच्या पुढचा एक पिकअप ट्रक. या वयाच्या ट्रकला कुणी हौसेने घरी न्यायला आलं, की त्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं, हे मला अनुभवाने कळलं आहे. एकाने मला हॉटेलच्या दारात उभं करून हौद्यात भोपळे मांडायचं ठरवलं होतं. दुसऱ्याला फक्त माझं तोंड हवं होतं, बैठकीच्या भिंतीवर लावायला. म्हणूनच आर्लिस टॉर्गरसन नावाच्या सत्तरीच्या बाई अमेरिकेतल्या मोंटानात, एका वाऱ्याच्या माळावर मला बघायला आल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आता हिला माझा कुठला अवयव हवा आहे?

आधीचं थोडक्यात सांगतो. मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. विहिरी खणणाऱ्या एका माणसाकडे मी बावीस वर्षं राबलो. त्याचे पाइप, त्याची अवजारं, त्याचा ओला कुत्रा, सगळं वाहिलं. 'हा कधी दगा देत नाही,' असं तो लोकांना सांगायचा आणि माझ्या दारावर थाप मारायचा. तो गेला. त्याच्या मुलांनी मला कोठाराच्या मागे लोटून दिलं. माझ्या गादीत उंदरांनी घरं केली, हौद्यात गवत उगवलं. पुढे क्लिफर्ड मुंक नावाच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मला ओढून नेलं. त्याने इंजिन मात्र मनापासून दुरुस्त केलं. पण माझ्या मडगार्डवरच्या गंजात लांबी, म्हणजे भोकं बुजवायचं लुकण, भरली आणि वरून निळा रंग फासला. त्या लांबीची मला लाज वाटत असे.

आर्लिसबाई आल्या त्या हातात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन. कोंबडीच्या आकाराचं होतं. ते त्यांनी माझ्या अंगावर ठिकठिकाणी लावून पाहिलं. दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं. डाव्या मडगार्डवरून मात्र टपकन खाली पडलं.

"इथे लोखंड कुठे गेलं, क्लिफर्ड?"

"बाई, थोडीशी लांबी आहे हो. साठ वर्षांचा म्हातारा आहे तो. तुमच्या-माझ्या तोंडातले तरी सगळे दात खरे आहेत का?"

"माझे आहेत," बाई म्हणाल्या आणि सरळ माझ्याखाली शिरल्या. पालथ्या, उताण्या, कशाही सरपटत त्यांनी बोटांनी चाचपून मला तपासलं. एवढ्या संशयी बाईसमोर मला उघडं पडल्यासारखं झालं.

त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ लेलंड आला होता. ओढ्यापलीकडे राहणारा, उंच, कमी बोलणारा. तो म्हणाला, "आर्लिस, नवीन घे की. परवा शहरातल्या दुकानातली एक चालवून पाहिलीस ना? काय वाईट होती?"

"ती? सारखी किंचाळत होती. 'रेघ ओलांडली, रेघ ओलांडली.' रस्त्यावरची रेघ मी ओलांडतच नव्हते! खोटारडी गाडी. शिवाय आत बसल्यावर मला पट्टा लाव म्हणून दटावते. मला माझ्या आईनेसुद्धा इतकं दटावलं नाही."

लेलंड खाली, आपल्या बुटांकडे पाहत राहिला. मित्रांनो, माणसं बोलतात तेव्हा मी ऐकतो, पण गप्प होतात तेव्हा जास्त लक्ष देतो. हा माणूस काहीतरी लपवतो आहे, असं मला त्याच क्षणी वाटलं.

बाईंनी मला घेतलं. त्यांच्या चाळीस गाई होत्या. मी चाऱ्याच्या गोण्या, कुंपणाचे खांब, मिठाचे ठोकळे वाहू लागलो. एकदा थंडीने अर्धमेलं झालेलं वासरू माझ्या पुढच्या सीटवर, हीटरसमोर, बाईंच्या कोटात गुंडाळून घरी आलं. भोपळ्यांपेक्षा हे किती बरं! मी सुखावलो. पण संशय गेला नाही. आणि त्याला कारण होतं.

आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण बाई मला डाव्या अंगाला नेत असत. हळूहळू, त्यांच्या नकळत. समोरून ट्रक आला आणि त्याने भोंगा वाजवला, की दचकून उजवीकडे वळवत. मार्चमध्ये त्यांनी माझ्या तोंडाने स्वतःचीच टपालपेटी पाडली. एप्रिलमध्ये पुन्हा पाडली.

"स्टिअरिंग डावीकडे ओढतंय," त्या म्हणाल्या आणि मला गावातल्या मेकॅनिककडे नेलं. त्याने तपासून सांगितलं, की स्टिअरिंग उत्तम आहे. तेव्हा बाईंना मेकॅनिकचाही संशय आला. मी मात्र मनातून दुखावलो. माझं स्टिअरिंग ओढत नव्हतं. पण हे सांगणार कसं?

मे महिन्यापासून वेगळीच गोष्ट सुरू झाली. बाईंनी गावात जायचं म्हणून किल्ली फिरवावी, तर मी नुसता कुरकुरायचो. सुरू व्हायचो नाही. बाई लेलंडला बोलवत. तो येई, बॉनेट उघडून मान हलवी. "जुना आहे, आर्लिस. काय करणार? चल, माझ्या गाडीतून नेतो." संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मी पहिल्या फेरीतच सुरू व्हायचो. मग तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

गावात थट्टा सुरू झाली. रविवारी चर्चबाहेर एकजण म्हणाला, "काय आर्लिस, घोडा आज उठला वाटतं!" बाईंचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी माझं दार इतक्या जोरात आपटलं, की काच खाली घसरली. "क्लिफर्डने मला गंडवलं. परत देऊन टाकते याला, नाहीतर भंगारात घालते."

भंगार! मित्रांनो, बावीस वर्षं मी कुणाला दगा दिला नव्हता आणि आता दगाबाज ठरत होतो. आणि खरं काय ते मला ठाऊक होतं.

लेलंड रोज सकाळी कॉफीला यायचा. बाई कोंबड्यांना दाणे टाकायला घरामागे जायच्या. तेवढ्यात तो माझं बॉनेट उचलायचा, ठिणगी पोचवणारी जाड तार उपटायचा आणि कोटाच्या खिशात घालायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे कॉफी प्यायचा. गावातून परतल्यावर ती तार गुपचूप जागेवर. ज्या दिवशी बाई दूर जाणार म्हणत, त्याच दिवशी हे व्हायचं. त्याला मी बिघडलेला हवा होतो. का, ते मला कळेना. शेत बळकवायचं आहे का? बहिणीला पांगळी करून घरात बसवायचं आहे का? मी त्याचा मनापासून तिरस्कार करू लागलो.

मला भंगारात घालण्याआधी एकदा स्वतः पाहावं, असं बाईंना वाटलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना इंजिन शिकवलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि एकेक भाग बोटांनी चाचपला. सगळीकडे तेलकट धूळ होती. एका तारेचं टोक तेवढं स्वच्छ, पुसल्यासारखं गुळगुळीत. बोटं तिथेच थांबली.

"अस्सं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे तू नाहीस."

त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. पुष्कळ दिवसांनी.

उद्या गावात जाणार, असं त्यांनी लेलंडला सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी बॉनेटच्या कडीखाली मूठभर मैदा चोपडला आणि नेहमीसारख्या कोंबड्यांकडे गेल्या. लेलंड आला. त्याने कडी दाबली, तार उपटली. त्याच्या मळकट खाकी कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. आणि एवढ्यात बाई कोपऱ्यावरून पुढे आल्या.

"थांब, लेलंड. हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना. दोन्ही. बाह्यासुद्धा."

त्याने हात पुढे केले. स्वच्छ ऊन पडलं होतं. बाईंनी त्याची डावी बाही धरली, डोळ्यांजवळ नेली, पाहिली. मग उजवी. उलटसुलट करून पाहिली. मी श्वास रोखला, म्हणजे ट्रकला रोखता येतो तेवढा. आता सापडला!

बाईंनी त्याचा हात सोडला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "लेलंड, मला माफ कर. मला वाटलं, तूच माझ्या गाडीत काहीतरी करतोस. सख्ख्या भावावर संशय घेतला मी. चल, सफरचंदाचा केक केलाय आज, खाऊन घे."

लेलंडने एव्हाना बाही पाहिली होती. त्याला सगळं समजलं होतं. त्याने फक्त 'चल' म्हणायचं होतं आणि आत जाऊन केक खायचा होता. तो सुटला होता, मित्रांनो. पूर्ण सुटला होता.

तो जागचा हलला नाही.

"आर्लिस," तो म्हणाला, "माझ्या बाहीवर मैदा आहे."

"काय?"

"कोपरापर्यंत. एवढ्या उन्हात, नाकाजवळ धरूनही तुला दिसला नाही." त्याने खिशातून तार काढून माझ्या बॉनेटवर ठेवली. "मीच करत होतो. ती दुकानातली गाडी खोटं बोलत नव्हती. मी बाजूला बसलो होतो, मला रेघ दिसत होती. तू रेघेच्या पलीकडे होतीस. म्हणून तर तुला हा ट्रक आवडला ना? हा काही बोलत नाही."

बाईंनी बॉनेटवरची तार चाचपून हातात घेतली. कोंबड्या त्यांच्या पायाशी घुटमळत होत्या.

"तोंडाने का नाही सांगितलंस?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण म्हणून चोरासारखं... दोन महिने, लेलंड! गाव हसलं मला. तू बाजूला उभा राहून मान हलवत होतास."

"शाळेची बस याच रस्त्याने जाते, आर्लिस."

"जा माझ्या अंगणातून."

तो गेला. अकरा दिवस कॉफीला आला नाही. तो गेल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतके दिवस ज्याला मी कावेबाज समजत होतो, तो भित्रा निघाला आणि ऐन वेळी खरा निघाला. माझाही अंदाज साफ चुकला होता.

बाईंनी चाचपत तार बसवली, पण मला कुठे नेलं नाही. रोज सकाळी त्या माझ्या सीटवर येऊन बसत आणि समोरच्या कुंपणाचे खांब मोजत. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. "नऊ," त्या म्हणत. मग "सहा." खांब चौदा होते.

बाराव्या दिवशी, सोमवारी, त्या बाजूच्या सीटवर सरकल्या आणि त्यांनी माझ्या भोंग्यावर हात दाबून धरला. ओढ्यापलीकडून लेलंड धावत आला, बुटांच्या नाड्या लोंबत होत्या.

"काय झालं? पडलीस?"

"काही नाही झालं. बस, चालव."

"कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि तो सांगेल ते मी दुसऱ्या डॉक्टरला विचारून घेणार. सगळे कापायला टपलेले असतात."

नव्वद मैल होते. दोघांनी मिळून चार वाक्यं बोलली असतील. त्यातली दोन माझ्या गिअरबद्दल होती.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. बाईंनी खरंच दुसऱ्या डॉक्टरला विचारलं. उन्हाळा संपायच्या आत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी बाई दवाखान्याच्या बाहेर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. लेलंड माझं दार उघडून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"लेलंड," त्या म्हणाल्या, "तू इतका म्हातारा कधी झालास?"

"हळूहळू होत होतो," तो म्हणाला. त्याने तोंड फिरवलं आणि माझा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

आता बाई पुन्हा मला चालवतात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, ताठ मानेने. शनिवारी बहीणभाऊ माझं तेल पाहतात आणि त्यावरून भांडतात. तेल कमी आहे, असं तो म्हणाला, तर त्या स्वतः तेल मोजायची पट्टी काढून पाहतात. तो गेल्यावर पुन्हा एकदा पाहतात. असू दे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. ते अडलं, की त्याला दगाबाज म्हणण्याआधी झाकण उघडून बघा. त्याला तेलपाणी द्या, कोठारामागे लोटू नका. आणि घरातल्या एखाद्या माणसाचं काही चुकताना दिसलं, तर लपूनछपून उपाय करू नका. त्याच्यासमोर बसा, तो रागावला तरी बसा आणि सांगा. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं ना?