लीलाबाईची वजरी

“ज्या हाताचं सालटं निघत नाही, त्या हातानं इतिहास घडत नाही!”

खेळाच्या टेकचंद सरांनी उजवा हात छताकडे उंचावून हे जाहीर केलं. समोर सतरंजीवर बसलेल्या बावीस मुलींनी इतिहास घडवायच्या तयारीनं पाठी ताठ केल्या. सरांनी वाक्य थोडं मुरू दिलं आणि टेबलावरचा चहाचा स्टीलचा पेला उचलला.

“आई गं! मेलो!”

पेला खाली, चहा उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणि इतिहास घडवणारी बोटं सरांच्या तोंडात.

“गरम होता का जी, सर?” लीलाबाईनं विचारलं. पेला तिनंच आणून ठेवला होता, चांगला काठोकाठ भरून.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आश्रमशाळेत लीलाबाई सव्वीस वर्षं कामाठी होती. दोनशे मुलींची भांडी, त्याआधी चिखलातली धानाची रोवणी आणि कापणी. एवढ्यात तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. संस्थेनं हजेरीची अंगठ्याची मशीन बसवली, तेव्हापासून मशीन तिला ओळखत नव्हती, हजेरी वहीत लागायची. बाकी सगळे ओळखत. तिचा राग भुशाच्या चुलीसारखा होता. जाळ दिसायचा नाही, पण दिवसभर धुमसायचा आणि हात लावणाऱ्याला कळायचं.

आज तो सकाळपासून धुमसत होता. नाश्त्याच्या रांगेत सातवीतली सोनू पोह्यांचं ताट दोन्ही मनगटांवर तोलून घेऊन गेली होती. सरांचं भाषण संपताच लीलाबाईनं तिला हौदाजवळ गाठलं.

“मूठ उघड.”

“काही नाही झालं, मावशी.”

“काही नाही झालं तं उघडाले काय होते?”

मूठ उघडली. बोटांच्या खाली, जिथं घट्टे येतात तिथं, दोन्ही तळव्यांची कातडी फाटून लोंबत होती. आतलं लाल मांस आणि त्यावर पांढरी खपली.

“हे पांढरं काय होय वं?”

“फक्की.”

“मैदानात रेघा ओढतेत ते?”

“हाव. बारवरून हात घसरत नाही म्हणतेत सर. मोबाईलमधल्या पोरीबी लावतेत.”

लीलाबाई तडक सरांकडे गेली. सर पत्रिकेवरचा चहा टिपत होते.

“सर, फक्की चुन्याची राहते. पान खाणाऱ्याचं तोंड भाजते त्यानं. पोरीच्या उघड्या मांसावर कायले लावता?”

“मोठे खेळाडू लावतात ती पावडर वेगळी असते, लीलाबाई. मागणी केली आहे. ती येईपर्यंत ही. पांढरीच आहे ना?”

“दहीबी पांढरंच असते. तेच लावा मंग.”

सरांनी मान वर केली. “स्वयंपाकघराचं तुम्ही बघा, खेळाचं मी बघतो. उद्या जिम्नॅस्टिक्सच्या शेडचं उद्घाटन आहे, गोंदियाहून पाहुणे येतायत. सोनू बारवर दोन मिनिटं लटकेल, दोन झोके घेईल, फोटो निघेल. बस.”

“अन् दहा दिवसांनी नागपूरले तिची निवड चाचणी हाय ते? कातड्याले भराले आठ दिवस लागतेत.”

“फोटो उद्याच आहे,” सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं हे उत्तर होतं.

लीलाबाई परत हौदाकडे आली. वाटेत एक बादली आली, ती तिनं लाथेनं बाजूला केली. बादलीचा यात काही दोष नव्हता, पण सरांना लाथ मारायची सोय सेवानियमांत नव्हती.

तिनं चहाच्या भांड्यात कात्री उकळली. सोनूचे हात नळाखाली धरले, भरपूर पाण्यानं फक्की काढली, मग साबण लावला. सोनू किंचाळली.

“बोंबल. कोणी नाही म्हणत नाही. पण हात मांगं नाही घ्याचा.”

मग तिनं मेलेली, लोंबती कातडी तेवढी कापली. जिवंत कातडीला कात्री लागू दिली नाही. उपकेंद्रातल्या रुख्मिणी सिस्टरनं दिलेलं मलम लावलं, स्वच्छ पट्टी बांधली आणि मलमाची नळी सोनूच्या खिशात घातली.

“मावशी, मी उद्या लटकतो. दोन मिनिटं तं होय,” सोनू नाक ओढत म्हणाली. “नाही लटकलो तं सर नागपूरले नेणार नाहीत.”

“अन् फाटक्या हातानं नागपूरले जाऊन काय करशील? टाळ्या वाजवशील?”

“बाबानं सांगतलं हाय, रेल्वे आतून कशी राहते ते पाहून ये म्हणून.” सोनूचा बाप बुधराम जंगलात बांबू तोडत असे. त्याची रेल्वे म्हणजे फाटकात उभं राहून पाहिलेली.

लीलाबाई पट्टीची गाठ घट्ट करून उठली. तिनं आपल्या पेटीतून वजरी काढली. गडाच्या जत्रेत टाच घासायला म्हणून घेतलेली आणि टाचेकडे बघायला सवड न मिळाल्यानं कोरीच राहिलेली. मग तिनं बाकीच्या मुलींना हाका मारल्या. एकवीस तळवे तिच्यापुढे रांगेनं आले, म्हणजे खरं तर बेचाळीस.

“आंघोळ झाली का घट्टा नरम पडते. तवाच घासाचा. उपटाचा नाही, पत्तीनं कापाचा नाही. निरा सपाट बी नाही कराचा, बाजूच्या कातड्याच्या बरोबरीत आणाचा. उंच राहिला का बारमध्ये चिमटते, अन् कातडं घेऊन जाते. वजरी दर पोरीमांगं साबणानं धुवाची. झोपताना तेलाचं बोट फिरवाचं.”

“तुले कोणं शिकवलं, मावशी?”

“इळ्यानं. पहिल्या कापणीले माये हात असेच फाटले होते. बाप म्हणे, काप. माय म्हणे, बस. मी मायचं ऐकलं.” ती वजरी घासत राहिली. “अन् बारवर हात गरम लागला, कातडं ओढल्यावानी झालं, का उतराचं.”

“सरानं शिटी मारली तरी?”

“शिटी त्याच्या तोंडात हाय. हात तुया हाय.”

“अन् इतिहास?” मागून एकीनं विचारलं.

“त्याले सांग, आठ दिवसांनी ये.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आणि अतिशय पांढऱ्या कपड्यांत आले. शेडमध्ये एक बार, दोन गाद्या आणि एक भलामोठा बॅनर होता. फीत कापली गेली. सरांनी माईक हातात घेतला.

“आता आपल्यापुढे प्रात्यक्षिक सादर करेल, कुमारी सोनू!”

सोनू उठली. पट्ट्या सरांनी सकाळीच काढायला लावल्या होत्या, फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणून. बारखाली फक्कीचं घमेलं तयार होतं.

पाहुणे खुशीत होते. “आओ बेटी, पहले हाथ मिलाओ!”

तेवढ्यात पाण्याचे पेले घेऊन आलेली लीलाबाई ट्रेसह थेट गादीवर चढली. ट्रे तिनं घमेल्यात ठेवला. सोनूची दोन्ही मनगटं धरून तळवे पाहुण्यांच्या नाकापुढे उघडले.

“पाहा जी, साहेब. मिळवा हात. याच हातानं पोरीले तुमच्यासाठी लटक म्हणतेत. अन् या जखमेवर चुना लावतेत. आमच्या पोरी का भिंती होत?”

पाहुण्यांनी तळव्यांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पांढऱ्या बाहीकडे पाहिलं. मग पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

“अरे भई, बच्ची को आराम दो. लग जाएगा कपड़ों को... मतलब, इन्फेक्शन वगैरा.”

“तेच मी म्हणत होतो, साहेब!” सर म्हणाले.

सोनूचे हात वाचले ते कोणाच्या दयेनं नाही, एका इस्त्रीच्या सदऱ्यामुळे. लीलाबाईला हे दिसलं आणि तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पण मनगटं तिनं सोडली नाहीत.

आठव्या दिवशी कार्यालयातून बोलावणं आलं. कारकून हेमराज बाबूंनी दोन कागद पुढे सरकवले.

“ये पहला. तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर जखमेचं प्रदर्शन केलं, संस्थेची प्रतिमा मलिन झाली. खुलासा द्यायचा.”

“अन् हे दुसरं?”

बाबू जरा घुटमळले. “उस दिन तुम ड्यूटी पे आईच नहीं. मशीनवर अंगठा नाही, वही अब चलती नहीं. विनापरवानगी गैरहजर. इसका भी खुलासा.”

लीलाबाईनं दोन्ही कागद उलटेसुलटे पाहिले.

“बाबू, आलीच नव्हती तं मलिन कोणं केलं?”

बाबूंनी खूप विचार केला. “वो अलग टेबल का है, बाई,” ते शेवटी म्हणाले. “आज का तो अंगूठा लगाओ. नाहीतर उद्या तिसरा येईल.”

तिनं अंगठा लावला. लाल दिवा. पदराला पुसून लावला. लाल दिवा. ज्या हातानं सोनूचे धरून चव्वेचाळीस तळवे राखले, तो हात कोणाचा आहे हे मशीनला काही केल्या कळेना.

“जरा नरम करके लाओ,” बाबू म्हणाले.

बाहेर सोनू पिशवी भरून पायरीवर बसली होती. पाहुण्यांच्या देखत आराम कबूल केल्यावर सरांना तिचं नाव यादीतून काढता आलं नव्हतं. नागपूरची गाडी परवाची होती, पण पिशवी आजच भरून झाली होती. लीलाबाईनं तिचे तळवे उघडून पाहिले. गुलाबी, कोवळी कातडी धरली होती.

“दुखते?”

“नाही.”

“दाबलं तं?”

“नाही, मावशी.”

लीलाबाई तिच्या शेजारी बसली. दोन्ही कागद घडी करून कमरेला खोचले.

“सोनू, त्या मलमातलं बोटभर मले देजो वं. अंगठ्याले लावून पाहतो.”