अकरा वर्षांपूर्वीचं उत्तर

चष्मेवाल्याचे पणजोबा समुद्रापलीकडून आले, एवढंच घरात ठाऊक होतं. कुठल्या गावचे, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. सहा वर्षं दर बुधवारी दुकान बंद ठेवून तो सरकारी दप्तरखान्यात जुन्या जहाजांच्या याद्या चाळत बसला. एकच आडनाव दर यादीत नव्या तऱ्हेने लिहिलेलं. थोरली ताई डबा भरून द्यायची आणि हसायची, "जगाला चष्मे देतोस, आणि स्वतःचे डोळे त्या याद्यांपायी घालवतोयस!"

शेवटी पणजोबा सापडले, गावाच्या नावासकट. त्याने हरखून तिथल्या नोंदणी कचेरीला पत्र लिहिलं. कारकून भला निघाला. त्याने ते पणजोबांच्या तिकडच्या नातलगांकडे पोचतं केलं. दीड महिन्याने एका अनोळखी बाईचं उत्तर आलं.

"तुमचे पणजोबा माझ्या आईचे आजोबा. बायको आणि दोन मुली इथे टाकून ते गेले. अकरा वर्षांपूर्वी आईने तुमचा पत्ता मिळवून त्यांचा एक फोटो मागितला होता. तुमचं उत्तर सोबत परत पाठवते. आई आता नाही. मग आत्ताच आठवण कशी झाली?"

सोबतच्या कागदावर दोन ओळी होत्या. 'तुम्ही शोधता ते घर हे नव्हे. पुन्हा लिहू नये.' अक्षर डावीकडे कललेलं. या अक्षरात त्याने शाळेचे धडे गिरवले होते.

तो तडक ताईकडे गेला. ती इस्त्री करत होती. त्याने कागद पुढे धरला.

"हे तूच लिहिलंस?"

ताईने इस्त्री उभी केली. "बाबा अंथरुणाला खिळले होते. आजोबांचे गोडवे गाण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना काय सांगणार होते मी?"

"बाबा त्याच वर्षी गेले, ताई. मी शोधायला लागलो ते नंतर पाच वर्षांनी."

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"सहा वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस. दर बुधवारी विचारायचीस, आज काय मिळालं म्हणून!"

"वाटलं, थकशील आणि सोडून देशील," ताई म्हणाली.

एवढ्या शांतपणे कुणी आपला केसाने गळा कापेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तो जिना उतरून आला.

दुसऱ्या दिवशी त्याने पणजोबांच्या फोटोची प्रत काढून त्या बाईला पाठवली. सोबत सगळं खरं लिहिलं, ताईचं नावही. महिन्याने पोच आली. 'फोटो मिळाला. आईचे डोळे यांच्यावरच गेले होते.' पुढे काही नव्हतं, बोलावणंही नव्हतं.

ताईशी तो आता बोलतो, पण कामापुरतं. ती काही सांगायला लागली, की आधी मनात विचारतो, यातलं खरं किती?