ओळखायची खिरापत

त्या दुपारी मी आईच्या वृद्धाश्रमाच्या फाटकावर डबा दिला आणि गाडीतून न उतरता परतले. भुलाबाईचे दिवस होते. आईनं तिथल्या हॉलमध्ये भुलाबाई मांडली होती आणि हिंदी बोलणाऱ्या सगळ्या बायकांना मराठी गाण्यांवर टाळ्या वाजवायला लावलं होतं. गाणी झाली की खिरापत. बंद डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. बरोबर ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही. बरोबर की चूक हे खिरापत आणणारीनं सांगायचं आणि वाटायचीही तिनंच. त्या दिवशीची खिरापत माझी होती.

संध्याकाळी आईचा फोन आला. मागे नुसता गलका.

"अगं, ह्या शुक्लाजी म्हणून राहिल्या, डब्यात साबण आहे!"

"तू सांग ना."

तिनं डबा हलवला असावा. "वाजत तर नाही. अन् तू काही घरी करणार नाहीस, मला माहीत आहे. कमानिया गेटची खव्याची जिलेबी!"

मी घरीच होते. पाय वर घेऊन, मांडीवर पुस्तक उघडं. बरोबर म्हटलं असतं तर पुढचं वाक्य ठरलेलं होतं: मग ये वाटायला.

"चूक," मी म्हणाले.

"काहून? जिलेबीच आहे."

"नाही म्हटलं ना, आई. अजून विचार कर."

"अच्छा, चलो." ती हसली आणि बायकांकडे वळून ओरडली, "गलत हो गया जी, फिर से!"

फोन ठेवून मी पुस्तकाचं पान उलटलं.

पहाटे ती झोपेतच गेली.

सगळं आटोपल्यावर मी तिचं सामान आणायला गेले. साड्या, चष्मा, गुडघ्याचा पट्टा. शुक्लाजींनी फ्रिजमधून डबा काढून आणला. झाकण तसंच होतं.

"हमने कितना कहा, खोलो न विनताजी. बोलीं, नियम है, क्षमा आएगी, वही बताएगी." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "सोते-सोते भी हिला के देख रही थीं. लड्डू, चकली, अनरसे, सब बोल लिया. कहती थीं, आज लड़की ने हरा दिया मुझे. बहुत खुश थीं."

खुश थीं, हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

"अब तो बता दो बेटी. था क्या?"

दारात आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी झाकण काढलं. जिलेब्या पाकात थिजून एकमेकींना चिकटल्या होत्या. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"बरोबर, आई," मी मोठ्यानं म्हणाले. "पहिल्याच वेळेला बरोबर ओळखलं होतंस. मला यायचं नव्हतं."