बाई एकट्या असल्या की बिघडणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भंगारात पडलेली नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी अडगळीत नाहीतर भंगारात सापडतात, आणि ऐकणाऱ्यांना रडू येतं. तसलं माझ्याकडे काही नाही. मी ठणठणीत आहे. रंग जरा उडालाय, मागचा दरवाजा जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, पण या वयात एवढं चालायचंच.

मी जन्माने ऑटोमॅटिक. म्हणजे गिअर बदलायचं काम माझं मी करते. चालवणाऱ्याने उजव्या पायाने वेग द्यायचा, त्याच पायाने ब्रेक दाबायचा, बस. डाव्या पायाला कामच नाही. मी नवी होते तेव्हा शोरूममध्ये येणारे लोक मला बघून नाकं मुरडायचे. "गिअर टाकायचे नाहीत? मग गाडी चालवल्यासारखं वाटणार कसं?" असं म्हणत शेजारच्या गाडीकडे वळायचे. मला फार वाईट वाटायचं. अरे, मी तुमचं काम वाचवते, आणि तुम्ही मलाच नावं ठेवता!

मग एके दिवशी कुबडी टेकत बाई आल्या. लहानपणीच्या आजारात त्यांचा डावा पाय लुळा पडला होता. "तुम्ही बसा, आम्ही नेतो," हे वाक्य ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी माझं दार उघडलं, वाकून खाली पाहिलं आणि विकणाऱ्याला म्हणाल्या, "दोनच पायडल? अहो, मग ही माझ्यासाठीच केलीय की!" माझा जीव तिथेच बाईंवर जडला.

बाई शिक्षिका होत्या, पण त्यांचा वर्ग एका जागी भरत नसे. आजारपणामुळे ज्या मुलांना शाळेत जाता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्या शिकवायच्या. कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये, कुणाचं मोठं ऑपरेशन झालेलं. ही मुलं खिडकीला नाक लावून माझी वाट बघत बसायची. मी वळणावर दिसले की आतून आरोळी यायची, "बाई आल्या!" खरं तर आधी मी दिसायची, पण असो. मानपान मी कधी मनाला लावून घेतला नाही.

बाईंचा मुलगा तेव्हा लहान होता. तो मागच्या सीटवर पाय पसरून बसायचा आणि सारखं विचारायचा, "आई, आलं का? अजून किती?" विचारता विचारता झोपी जायचा. आता तो चांगला मोठा झालाय, ऑफिसात जातो, मोबाईलवर बोलताना कपाळाला आठ्या घालतो. मी त्याला चिरंजीव म्हणते. मनातल्या मनात, अर्थात.

आणि एक राहिलंच. बाईंची कुबडी ही माझी शेजारीण. बाई एकट्या असल्या की ती शेजारच्या रिकाम्या सीटवर आडवी पडायची, मूठ सीटवर आणि रबरी टोक पुढे खाली, पाय ठेवायच्या जागेत. शेजारी कुणी बसलं की तिची रवानगी मागे. आमचं दोघींचं बरं होतं. दोघींनाही बाईंना घेऊन चालायचं, आणखी काय हवं?

अशी कितीतरी वर्षं गेली. मी कधी रस्त्यात बाईंना दगा दिला नाही, आणि बाईंनी कधी माझं तेल-पाणी चुकवलं नाही. मग ते दुखणं सुरू झालं.

एका दुपारी आम्ही टेकडीवरच्या मुलीला शिकवून उतारावरून खाली येत होतो. पाण्याच्या टाकीजवळ रस्ता डावीकडे वळतो. तिथे अचानक माझ्या पोटात धाडकन गचका बसला. कोणता गिअर आहे ते दाखवणारा दिवा विझला. मी एकाच गिअरमध्ये अडकून पडले. बाई वेग देत होत्या, मी नुसती घोंघावत होते, पण ओढ म्हणून येईना. बाईंनी मला कशीबशी कडेला घेतलं, बंद केलं, कुबडी उचलून खाली उतरल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली. परत येऊन किल्ली फिरवली, तर मी अगदी नव्यासारखी! जणू काही घडलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग बरेच दिवस काही नाही. मग पुन्हा. मला दुखायचं हे खरं, पण नेमकं कुठे, ते माझं मलाच कळत नव्हतं. आणि कळलं असतं तरी सांगणार कुणाला? मला हॉर्नशिवाय तोंड नाही.

चिरंजीव मुलगा म्हणून चांगला आहे. "आई, तू कशाला दगदग करतेस? मी नेतो गाडी गॅरेजमध्ये," म्हणाला. नेण्याआधी त्याने मला स्वच्छ धुतलं, आतलं सगळं सामान काढून घरात ठेवलं, पायपुसणी झटकली. डॉक्टरकडे जाताना माणसं अंघोळ करून जातात ना, तसं. एवढं कमी होतं म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. त्याने झालं काय, तर माझ्या छोट्याशा मेंदूत बिघाडाची जी काही नोंद होती तीही पुसली गेली. गॅरेजमध्ये मेस्त्रींनी यंत्र जोडून पाहिलं, तेल पाहिलं, मला लांबपर्यंत पळवून आणलं. मी लोण्यासारखी चालले. दातदुखी डॉक्टरच्या दारात पोचली की थांबते, तसली गत. अशी ती वारी कितीदा तरी झाली. शेवटी मेस्त्री म्हणाले, "मला तर काही सापडत नाही. आता गिअरबॉक्स उतरवून उघडायचा तेवढा राहिला. या वयाच्या गाडीला ते झेपेल का, ते सांगता येत नाही."

चिरंजीवाने स्वतः खात्री करायची ठरवली. बाईंच्या शेजारी बसून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या गेल्या, आणि भर रहदारीच्या रस्त्यावर मी अडकले. मागे बस, बसच्या मागे ट्रक, सगळे हॉर्नवर हॉर्न देतायत. बाई खिडकीतून हात काढून मागच्यांना पुढे जा म्हणून खुणावत होत्या. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी माझ्या टपावर उघडते. त्या संध्याकाळी मी सगळं ऐकलं.

"आई, गाडीत काही नाहीये. मी बघितलं, मेस्त्रींनी बघितलं. तुझ्याच हातून काहीतरी होत असेल."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"खोटं नाही गं. पण वय झालं की होतं असं. घाबरायला होतं, भलतंच काहीतरी दाबलं जातं. आज ती बस थांबली नसती तर? रविवारी एक जण येतोय, जुन्या गाड्या नेतो तो. देऊन टाकू. आणि तुला कुठे जायचं असेल तर मी आहे ना!"

"तू आहेस रे. पण तू सकाळी जातोस तो अंधार पडल्यावर येतोस. माझ्या पोरांनी तोपर्यंत काय खिडकीत बसून राहायचं?"

एक भांडं फडताळात ठेवल्याचा आवाज आला. मग बाई हळूच म्हणाल्या, "एक वेळ गाडी गेली तरी चालेल. पण मला चालवता येत नाही, असं म्हणून नको नेऊस."

मित्रांनो, इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या दुखण्याचा दोष बाईंच्या माथी लागत होता, आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तेवढ्यात सूनबाईंचा आवाज आला. त्या मोजकंच बोलतात, पण बोलल्या की वर्मावर बोट ठेवतात. "अहो, दुखणं एकाचं आणि दरवेळी डॉक्टरकडे जातो दुसराच, असं चाललंय तुमचं. एकदा आईंना घेऊन जाऊ द्या की. आणि गाडी आहे तशी न्या, धूत बसू नका."

म्हणून शनिवारी बाई स्वतः मला घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. चिरंजीव आपल्या स्कूटरवरून मागोमाग आला. मेस्त्री चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते.

"काय होतं नेमकं?" त्यांनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. मेस्त्रींनी डोकं खाजवलं. "आणि कुणासमोर होतं हे?"

"माझ्यासमोरच. शेजारी कुणी बसलं की होतच नाही मेलं!"

"कुणी बसलं की होत नाही?" मेस्त्रींना चष्मा सापडला. "बघा, मी इतके दिवस गाडीलाच विचारत बसलो, तुम्हाला विचारलंच नाही. चला, तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

"अहो, पुढे बसा की."

"नको. तुम्ही रोज जशा एकट्या जाता, तशाच चला. मी गाडीत नाहीच, असं समजा."

चिरंजीवही मागे शिरला, गुडघे पोटाशी घेऊन. सवयीप्रमाणे मदत करायला म्हणून त्याने पुढे हात केला, "दे आई, कुबडी मी धरतो."

"राहू द्या हो तिथेच!" मेस्त्री ओरडले. "काही हलवू नका."

आम्ही निघालो. टेकडी चढलो. काही नाही. वरून वळलो. काही नाही. चिरंजीवाने घड्याळात पाहिलं आणि उसासा सोडला. मी सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच मी बिघडायचा नवस बोलत होते. दुख ना रे पोटा, आता तरी दुख! पाण्याची टाकी दिसली. बाईंनी ब्रेक दाबला, डावीकडे वळल्या आणि... धाडकन! दिवा विझला. मी घोंघावायला लागले.

"अरे, हे काय!" चिरंजीव किंचाळला.

आणि बाई? बाई चक्क हसत होत्या. गाडी बंद पडली म्हणून इतकं खळखळून हसणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. "झालं! झालं की नाही? बघितलंस ना?" म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले.

चिरंजीवाचा चेहरा मला आरशात दिसत होता. "आई," तो म्हणाला, "खरंच होतं गं हे."

मेस्त्रींनी मला कडेला घ्यायला लावलं आणि खाली उतरून शेजारचं दार उघडलं. "कुणी कशाला हात लावू नका," म्हणाले आणि नुसतेच बघत उभे राहिले. उतारावर ब्रेक लागला तेव्हा कुबडी पुढे सरकली होती, वळणावर आणखी आत कलली होती, आणि तिचं टोक गिअरच्या दांड्याशेजारी माझ्या तळाशी अंथरलेल्या सतरंजीत रुतलं होतं. त्यांनी कुबडी अलगद उचलली. "आता बंद करून चालू करा." दिवा लागला. त्यांनी टोक पुन्हा त्याच जागी टेकवून दाबलं. दिवा विझला. उचललं, चालू केलं, लागला. दाबलं, विझला. मेस्त्री लहान मुलासारखे हसायला लागले.

सतरंजी वर केली तर खाली एक तार होती. मी कोणत्या गिअरमध्ये आहे ते माझ्या मेंदूला कळवणारी. वर्षानुवर्षं एकाच जागी टोक दाबलं जाऊन तिची साल पत्र्याच्या कडेवर घासून निघाली होती. तार दबली की माझा मेंदू गोंधळायचा, आणि आणखी काही मोडू नये म्हणून मला एकाच गिअरमध्ये धरून ठेवायचा. शेजारी माणूस बसला की कुबडी मागे, मग दुखणार कसं? चिरंजीव मला धुऊन न्यायचा तेव्हा तर कुबडी घरीच असायची.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच कुबडीने केलं म्हणायचं."

"तिचा काय दोष?" मेस्त्री म्हणाले. "तिलाही बसायला नीट जागा नको का?"

गॅरेजमध्ये त्यांनी तार दुरुस्त केली, तिला जाड नळीत घातलं आणि कडेपासून दूर बांधून टाकलं. गिअरबॉक्सला हातसुद्धा लावावा लागला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, आपलं पोट फाडणार म्हणून धास्तावलेल्याला कुणी काटा काढून घरी पाठवलं, तर कसं वाटेल? तसं मला वाटलं.

घरी जायला निघाल्यावर बाई म्हणाल्या, "स्कूटर?"

"राहू दे इथेच. उद्या नेईन," असं म्हणून चिरंजीव मागे जाऊन बसला. आम्ही मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो, पाण्याच्या टाकीवरून. वळण आलं आणि गेलं. मी हूं की चूं केलं नाही. जरा वेळाने मागून आवाज आला, "आई, मला वाटलं होतं की तू..."

"माहितीय मला काय वाटलं होतं ते."

त्याने मागच्या सीटवर पाय आडवे टाकले. मग तो अगदी हळू म्हणाला, "आई, आलं का? अजून किती?"

बाईंनी आरशात पाहिलं. "झोप तू," म्हणाल्या. "आलं की उठवीन."

रविवारी तो गाड्या नेणारा माणूस आला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि आल्या वाटेने परत पाठवला. चिरंजीव तेव्हा माझ्यात डोकं घालून बसला होता. शेजारच्या सीटला त्याने स्वतःच्या हाताने दोन पट्टे लावले, कुबडीसाठी. वाकडेच बसलेत, पण माझी शेजारीण आता राणीसारखी पडून असते.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांचं तेल बघा, चाकांतली हवा बघा, हे तर मी सांगेनच. पण घरातलं कुणी "मला असं होतं" म्हणालं, आणि तुमच्यासमोर ते झालं नाही, तर लगेच "काही होत नाही" म्हणू नका. त्यांना आहे तसं चालू द्या, आणि तुम्ही मागच्या सीटवर थोडा वेळ गप्प बसा. आमचे चिरंजीव अजूनही सुट्टीच्या दिवशी बसतात. मागचा दरवाजा मात्र त्यांना अजून एका दमात लावता येत नाही.