कॉलरखालचे टाके

ग्रेगरीला बहारीनला आणलं मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मनामाच्या सूकमध्ये, तिथल्या बाजारात, नजीबचं टेलरिंगचं दुकान होतं आणि मी तिथला मास्टर, म्हणजे कापड कापणारा, दुकानातला पहिला माणूस. नजीबला कारागीर हवा होता. मुंबईत माझ्याच शेजारी बसून शिवण शिकलेल्या या वसईकराचं नाव मी सुचवलं. व्हिसा आला, ग्रेगरी आला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

एक्याऐंशी साली वेदरबी नावाचा बँकेतला इंग्रज साहेब दुकानात आला. त्याला कैसर बादशहाच्या काळातल्या जुन्या जर्मन लष्करी गणवेशांचा नाद. कोट, टोप्या, खांद्यावरच्या पट्ट्या, बिल्ले, काय वाट्टेल ते जमवायचा. लंडनहून आलेला एक कोट त्यानं टेबलावर ठेवला. अस्तर सुटलं होतं. मी हात पुढं करायच्या आत ग्रेगरीनं कोट उलटा केला, आतला एक दोरा उपसला आणि त्याला काडी लावली. सुती दोऱ्याची राख होते. हा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला.

"सर, हा पॉलिस्टर," ग्रेगरी म्हणाला. "कैसरच्या टायमाला पॉलिस्टर कुठला? कोट नकली आहे."

दोरा जाळून बघणं आमच्या धंद्यात पोरासोरांनाही येतं. मला सुचलं नाही, एवढंच.

त्या दिवसापासून साहेबाचं प्रत्येक पार्सल ग्रेगरीच्या टेबलावर फुटायला लागलं. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून तो परस्पर साहेबाच्या गाडीत बसून जुफैरला त्याच्या घरी जायचा. कुठल्या पलटणीची कड लाल, कुठलीची पिवळी, कुठलं बटण कुठल्या राज्याचं, सगळं त्याला तोंडपाठ झालं. साहेब त्याला 'मास्टर' म्हणायचा आणि मला 'हॅलो'. मी जळायचो. आडपडदा कशाला ठेवू? त्याच्या डब्यातली मासळी ताजी दिसली तरी जळायचो.

मग तो निळा कोट आला. घोडदळाचा, पिवळ्या कडांचा. ग्रेगरीनं दोन दिवस तपासून सांगितलं, "अस्सल." साहेबाचा एक जर्मन पाहुणा शनिवारी कोट बघायला येणार होता. तिकडे म्युझियममध्ये असेच गणवेश दुरुस्त करायचं त्याचं काम. एक बटण पक्कं करायला कोट दुकानात राहिला होता.

शुक्रवारी सकाळी ग्रेगरी चर्चला गेला. दुकानात मी एकटा. मी कोटाची कॉलर खालून उसवली, जुना दोरा काढून टाकला आणि पॉलिस्टर दोऱ्यानं पुन्हा शिवली. पाहुणा दोरा जाळणार, मणी होणार, ग्रेगरीची अक्कल निघणार. काम वाईट होतं, पण हाताला वाईट शिवताच येईना. जुन्या भोकांतूनच सुई घातली, टाक्याला टाका जुळवला. झाल्यावर स्वतःच बघत बसलो.

शनिवारी पाहुणा साहेबाबरोबर दुकानात आला. भिंग लावून कॉलरपाशी थांबला. दोरा उपसला. काडी. मणी. साहेब लालबुंद झाला. मी इस्त्री धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, घे आता.

ग्रेगरीनं कोट हातात घेतला, कॉलर बराच वेळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. मी मान खाली घातली.

"सर, कॉलर मी उसवली होती," तो म्हणाला. "मीच शिवली. दोरा चुकला. बाकीचा कोट बघा."

पाहुण्यानं आणखी तीन ठिकाणचे दोरे जाळले. तिन्हींची राख झाली. कोट अस्सल ठरला. साहेबानं ग्रेगरीला चार शब्द सुनावले आणि मला वाटलं, खलास, मिटलं.

पण पाहुणा परत कॉलरकडे वळला. भिंगाखाली एकेक टाका बघत राहिला.

"तीस वर्षं हेच काम करतोय," तो म्हणाला. "सगळे टाके जुन्या भोकांतून गेलेत. नवीन भोक एकही नाही. असा हात माझ्या म्युझियममध्ये नाही. या माणसाला मी जर्मनीला नेतो."

ग्रेगरी माझ्याकडे वळला आणि त्या दोघांना कळू नये म्हणून मराठीत बोलला. "महादेवभाऊ, टाका तुमचा आहे. तुम्ही बोला. मी आत्ता सांगतो, मी खोटं बोललो म्हणून."

हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: का शिवलीस? समोर साहेब, गल्ल्यावर नजीब.

"माझो नाय," मी म्हणालो.

"भाऊ, नीट बघून बोला. असा चान्स परत येणार नाही."

"नाय म्हटलंय ना एकदा!"

आमची कुजबुज बघून पाहुण्याला शंका आली असावी. त्यानं कोट माझ्यासमोर धरला, माझ्याच टाक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही याच्या शेजारी बसता ना? हा याचाच हात आहे?"

ग्रेगरी माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"येस सर," मी म्हणालो. "असा टाका आमच्या दुकानात फक्त ग्रेगरीच घालतो."