गानू सरांचे सोळा तास

श्यामला साठ्येला सूड घ्यायचा होता, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटत नव्हती. काळ गेला की राग निवतो म्हणे. ज्याचा निवत असेल त्याचा निवो बापडा. तिचा सहा वर्षं मंद आचेवर राहून दुधासारखा आटत गेला होता.

वारज्याच्या पुढे नव्यानं झालेल्या विद्यापीठात ती समाजशास्त्र शिकवायची. विद्यापीठ दर वर्षी आपल्याच प्राध्यापकांपैकी दोघाचौघांना संशोधनासाठी फेलोशिप देई. वर्षभर एकही तास घ्यायचा नाही, पगार चालू, आपलं काम करत बसायचं. एकच अट होती. रजेवर जाणाऱ्याचे तास जो सहकारी घेणार, त्यानं समितीपुढे जाऊन स्वतःच्या तोंडानं तसं सांगायचं. पूर्वी लोक एकमेकांची नावं परस्पर देऊन मोकळे व्हायचे आणि मग वर्षभर भांडणं चालायची, म्हणून ही अट आली. विभागात याला 'हो म्हणायला जाणं' म्हणत.

सहा वर्षांपूर्वी श्यामलाचा अर्ज जवळजवळ मंजूर झाला होता. मार्केट यार्डात जन्मभर पाट्या उचललेल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यांच्या हकिकती ऐकून घ्यायच्या, असं तिचं काम होतं. त्यांतल्या इंदुबाई बहात्तरच्या दुष्काळात बार्शीकडून आलेल्या. यार्ड वसायच्या आधीपासूनचं सगळं त्यांच्या जिभेवर होतं. श्यामला रविवारी धावतपळत जायची, तेव्हा त्या वैतागायच्या. "अशी घाईत नको येत जाऊ बाय. येका बैठकीत सांगायचं हाय का ते? चांगली सुट्टी काढून ये."

सुट्टी काढायलाच तर ती निघाली होती. तिच्यासाठी हो म्हणायला आले होते विभागातले सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापक श्रीनिवास गानू. आदल्या दिवशी "अहो, त्यात काय एवढं, घेतो की" असं म्हणाले होते. समितीपुढे खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "घेतो म्हणालो होतो खरा. पण समितीनं एकदा विचार करावा. मार्केट यार्डातल्या बायकांच्या गप्पा ऐकायला वर्षाची पगारी रजा? आमच्या सौ. मंडईतून रोज फुकट ऐकून येतात."

समिती हसली. खो खो नाही, पुण्यात तसं कुणी हसत नाही, नाकातल्या नाकात हसली. फेलोशिप गेली. पुढच्या पावसाळ्यात इंदुबाई खोकल्याचं निमित्त होऊन गेल्या. त्यांच्या पाठोपाठ बाकीच्याही एकेक करून गेल्या, कुणी खाटेवर, कुणी सुनेच्या दारात. श्यामलाकडे इंदुबाईंचं तासाभराचं बोलणं तेवढं उरलं, आणि त्यातही अर्धा वेळ मागे टेम्पोचा हॉर्न.

बरं, गानू सर तेवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्यांना पुढे बैठकांचा छंद लागला. ही समिती, ती समिती, दिवसभर मुक्काम प्रशासकीय इमारतीत. "श्यामलाबाई, आज जरा तेवढा माझा तास बघता का?" आजचं उद्यावर आणि उद्याचं वर्षावर गेलं. चार वर्षं सरांचे आठवड्याचे सोळाच्या सोळा तास ती घेत होती, स्वतःचे चौदा सांभाळून. वेळापत्रकावर नाव मात्र गानूंचं. तिच्या बढतीचा कागद सरांच्याच हाताखालून जायचा होता, म्हणून पहिलं वर्ष ती मूग गिळून बसली. बढती झाली त्या दिवशी ती स्पष्ट नाही म्हणू शकत होती. म्हणाली नाही. घेऊ दे म्हटलं म्हाताऱ्याला सुख. चांगली सवय लागू दे.

यंदा गानू सरांनी फेलोशिपला अर्ज केला. निवृत्ती तोंडावर आलेली, ही शेवटचीच संधी. पेठांमधल्या जुन्या शेजारांवर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. त्यांनी तिला कँटीनमध्ये गाठलं आणि स्वतः दोन चहा घेऊन आले, हेच मुळात नवल.

"माझं सगळं आयुष्य आहे हो यात," ते म्हणाले. "हे झालं नाही तर मी केलं काय, असं होईल. तुम्ही हो म्हणायला याल ना? आणि अर्जाची भाषाही जरा नजरेखालून घाला."

श्यामलानं अर्ज वाचला. काम चांगलं होतं. चांगल्याला चांगलं म्हणायची तिची सवय काही गेली नव्हती. सरांचा आवाजही खरा होता. क्षणभर तिच्या मनात आलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, लिहू दे एक पुस्तक. त्यांनी तेव्हाचं नुसतं नाव काढलं असतं, "तेव्हा जरा चुकलंच माझं" एवढं पुटपुटले असते, तरी तिनं सगळं सोडून दिलं असतं.

गानू सरांनी चहाचा घोट घेतला. "तुमचंही काहीतरी होतं ना मागे? हमालांचं की कशाचं. झालं का हो ते?"

विसरले होते. अक्षरशः विसरले होते. श्यामलाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं अर्जातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाली, "येईन की सर. हो म्हणायला नक्की येईन."

मुलाखतीच्या दिवशी गानू सर इस्त्रीचा झब्बा घालून आले. समितीच्या अध्यक्ष होत्या बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या कादंबरी लिमये. चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सरांचं काम त्यांना आवडलेलं दिसत होतं. सर खुलले, पेठांमधले दोन किस्सेही सांगून झाले. मग लिमयेबाई श्यामलाकडे वळल्या.

"सरांचे सोळा तास तुमच्याकडे येतील. एवढा जास्तीचा भार झेपेल तुम्हाला?"

"हो, अवश्य घेईन," श्यामला म्हणाली. "फक्त जास्तीचा म्हणू नका, मॅडम. सरांना उगाच उपकार वाटायचे. ते तास चार वर्षं मीच घेतेय."

लिमयेबाईंनी चष्मा काढला. "घेताय म्हणजे?"

"म्हणजे वर्गावर जाते, शिकवते, पेपर तपासते. वेळापत्रकावर सरांचं नाव असतं, तेवढंच."

"अहो श्यामलाबाई, अधूनमधून एखादा तास तुम्ही..." गानू सर हसायला गेले.

"अधूनमधून तुम्ही घेता, सर. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एक घेतला होतात. मुलं अजून आठवण काढतात."

समितीतलं कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. तो आवाज श्यामलानं बरोबर ओळखला, आणि तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

लिमयेबाईंनी अर्ज पुन्हा चाळला. "इथे तर लिहिलंय, अध्यापनाच्या प्रचंड भारामुळे आजवर लेखनाला सवड मिळाली नाही."

"हो," श्यामला म्हणाली. "भाषा मीच तपासून दिलीय."

"मग गानू सर," लिमयेबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "आपल्याला रजा नेमकी कशापासून हवी आहे?"

गानू सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बैठकांपासून म्हणावं, तर बैठकांना कुणी बोलावलं नव्हतं, हे स्वतःहून जाऊन बसायचे. फेलोशिपचं काय झालं ते त्या खोलीत कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात?" लिमयेबाईंनी विचारलं.

"कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलंत."

"तुम्ही स्वतः कधी अर्ज केला नाहीत?"

"केला होता, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा गानू सर आले होते हो म्हणायला."

लिमयेबाई काय समजायचं ते समजल्या. "पुढच्या वर्षी परत करा. मी लक्ष घालेन."

या बोलण्याची तयारी श्यामलानं केली नव्हती. "आता कुणाकडे जाऊ, मॅडम?" ती म्हणाली. "ज्यांचं ऐकायचं होतं त्या सगळ्या गेल्या." एवढं बोलून ती उठली.

बाहेर व्हरांड्यात गानू सर तिच्या मागोमाग आले. चेहरा उतरलेला, झब्ब्याला घाम. आता हे ओरडतील असं तिला वाटलं. ते ओरडले नाहीत.

"माझं पुस्तक राहिलं हो," ते म्हणाले.

"हो सर."

"त्या तुमच्या बायका... मला खरंच लक्षात नव्हतं."

"माहीत आहे मला. लक्षात असतं तर आज मी नुसतं हो म्हणून उठले असते."

तेवढ्यात अकराची घंटा झाली. पहिल्या वर्षाचा तास, वेळापत्रकाप्रमाणे गानूंचा. श्यामला जागची हलली नाही. सरांनी पडेल आवाजात विचारलं, "कुठपर्यंत आलंय शिकवून?"

"मुलं सांगतील."

"आणि खोली कुठली?"

"दुसऱ्या मजल्यावर बघा," ती म्हणाली.

ते कठड्याला धरून जिना चढले. श्यामला खाली उभी राहून वर बघत होती. त्यांनी एका दारातून आत डोकावलं, मान हलवली, दुसरीकडे गेले. तिसऱ्या दाराशी थबकले. आतला गलका थांबला आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी अदबीनं उठून उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"